राखंतला सर्वा

धूर बगून रडल्यालं मानूस मी जलमात एकच बगितलं. डोळ्यात धूर गेला म्हनून न्हवं. धूर वर चाललाय आनि आपल्याला त्यो धरून ठेवता येत न्हाय, म्हनून.

त्यो आमच्या गिरनीचा मिस्त्री. गिरनी सूत कातायची, आनि समदी वाफंवर चालायची. भट्टीत कोळसा जाळायचा, वर बायलरात पानी उकळायचं, त्या वाफंनं मोटी चाकं फिरायची आनि चाकांनी चात्या. तवा कोल्हापुरात म्हाराजांचं राज्य हुतं. पिलेग येऊन गेलता. त्यात माजा दादला गेला, मागनं सासू गेली. दोन लेकरं आनि मी, एवडंच ऱ्हायलो.

मिस्त्रीचं नाव सांगत न्हाय. मुसलमान, मिरजंकडचा. उंच, वाळका, आनि भिवया जळल्याल्या. भट्टीचं दार उगडून सारकं आत डोकवायचा, त्यामुळं भिवया कवा वाडल्याच न्हाइत. बोलता बोलता मान वर जायाची, धुराड्याकडं. काळा धूर दिसला की “गेला, गेला!” म्हनत पळत सुटायचा. नव्या मानसाला वाटायचं, कुनीतरी मेलं.

“काळा धूर म्हंजी काय ठावं हाय का?” म्हनायचा. “न जळल्याला कोळसा. टेशनावरनं बैलगाडीनं वडून आनायचा आनि वर कावळ्यांस्नी वाटायचा!”

बायलरला त्यो म्हातारी म्हनायचा. “म्हातारीला घास घास चारा रं. एकदम कोंबलं की वकती.” आगवाल्यानं भट्टीचं दार जरा उगडं टाकलं की वरडायचा, “लाव ते दार! उगड्या तोंडानं कोन जेवतंय?”

सुट्टीच्या दिशी म्हातारी गार करायची. तवा ह्यो बाबा वरच्या भोकातनं तिच्या पोटात उतरायचा आनि पान्याचा खार धरल्याला असायचा त्यो हातोडीनं खरडत बसायचा. खार धरला की आग पान्याला लागत न्हाय म्हनं. एकदा त्येची बायकू जेवान घेऊन आली. भाईरनं हाका मारून मारून दमली. शेवटाला भाकरी फडक्यात बांदून भोकातनं आत सोडली. आमच्याकडं बगून म्हनली, “बगा बायांनो, सवतीच्या पोटात बसून जेवतोय.” आतनं आवाज आला, “चटनी कुटं हाय?”

हसत हुतो आमी तवा. हसायला काय लागतंय.

आता माजं काम सांगते. मी राख काडनारी. भट्टीखाली राख पडायची, ती घमेल्यात भरायची, पानी मारायचं, डोईवर घेऊन मागल्या दारानं भाईर न्हेऊन ढीग लावायचा. आमी पाच-सा जनी हुतो, सगळ्या दादला गेल्याल्या. गिरनी आमाला रोज, म्हंजी दिसाची मजुरी, देत नव्हती. रीतच तशी हुती, लई आदीपासनं. राख तुमी हलवा, आनि राखंत जे घावंल ते तुमचं. रानात शेंगा काडून झाल्या की मागं मातीत ऱ्हायल्याल्या गरिबाच्या बाया वेचत्यात, त्येला सर्वा म्हनत्यात. तसाच आमचा राखंतला सर्वा. अर्दा जळल्याला कोळसा वेचायचा, बुट्टी भरायची, आनि शाहूपुरीत एक लोहार हुता त्येला न्हेऊन द्यायची. त्यावर घरात जोंधळं यायचं.

ह्येच्या आदीचा मिस्त्री सुस्त हुता. खाटंवर पडून असायचा. आगवाले फावड्यावर फावडं वतायचे, वरचं जळायचं, आतलं तसंच खाली यायचं. राखंत कोळशाची रेलचेल. आमची लेकरं त्या मानसाच्या झोपंवर वाडत हुती म्हना. पर तसं कुनाला वाटत नव्हतं. पानी आडातनं येतंय, कोळसा राखंतनं येतोय, एवडंच ठावं.

मंग ह्यो आला.

आला त्या आठवड्यात त्येनं वाफंच्या नळांस्नी शेनमातीचा गिलावा केला, वरनं काथ्या गुंडाळला, परत गिलावा. नळ भाईरनं गार झालं. गिरनीचा म्हातारा पहारेकरी थंडीत त्या नळाला पाट लावून बसायचा, गल्लीतली कुत्री खाली झोपायची. समदी उटली. पहारेकरी म्हनला, “मिस्त्री, माजी पाट काय वाफ खात हुती व्हय?”

“खात हुती की,” मिस्त्री म्हनला. “घोंगडं घे.” आनि दुसऱ्या दिशी आपलंच घोंगडं आनून दिलं. असा मानूस. वाफ देनार न्हाय, घोंगडं देनार.

मंग पानी गेलं. इंजनातनं काम करून आल्यालं ऊन पानी गटारात सोडायचे. मागल्या भितीला त्येची धार लागायची. सगळ्या गल्लीची धुनी तितं, थंडीत पोरांची आंगुळ तितं. एक दिस गेलो तर धार आटल्याली. आमच्यातली यसूआत्या वयानं मोटी, तोंडानं त्याहून मोटी. ती मिस्त्रीच्या म्होरं जाऊन हुबी ऱ्हायली.

“मिस्त्री, पानी कुटं गेलं?”

“परत म्हातारीच्या पोटात. तापल्यालं पानी वतून देतंय व्हय कोन, आक्का? गार पानी परत तापवायला कोळसा लागतोय.”

“आनि आमची धुनी?”

“पंचगंगा हाय की.”

“पंचगंगा तुमच्या परसात असंल. आमाला अर्दा कोल्हापूर वलांडून जावं लागतंय.”

“आक्का, खरं सांगू का? एवडं दिस तुमी कोळशानं लुगडी धूत हुतासा.”

“तरीच उजळ निगत हुती!” आत्या म्हनली.

त्योबी हसला. पर पानी काय सोडलं न्हाय.

पावसाळ्यात एकदा कोळशाच्या गाड्या अडल्या. मालकांनी गगनबावड्याकडनं लाकडं मागिवली. वल्ली चिंब. मिस्त्रीनं भट्टीला एक वंडका लावू दिला न्हाय. म्हनला, “ह्ये लाकूड न्हाय, ह्यो पाऊस हाय. पाऊस जाळून पानी तापवायचं व्हय?” मालक तांबडं-काळं झालं. ह्येनं ती लाकडं धुराड्याच्या बुडाशी भितीला रचली, वाया जानाऱ्या उबंवर वाळवली, आनि मंगच जाळली. तवर दोन दिस गिरनी बंद. कातनाऱ्या बायांचा रोज बुडाला. त्यांनी त्येला जे काय आशीर्वाद दिलं ते मी तोंडानं सांगनार न्हाय.

यसूआत्याच्या लेकीचं लगीन हुतं. आमी गरिबांनी वर्गनी काडून भात-आमटी घातलती. मिस्त्री आला. मांडवात बसायचं सोडून चुलवानापाशी गेला आनि लाकडं मागं वडाय लागला. आचारी म्हनला, “आवं, भात कच्चा हाय!”

“झाकून ठेव. आता आपल्या उबंवर शिजंल. उगं जाळ कशाला?”

आचाऱ्याला भरवसा कुटला! त्यो घटकंघटकंनं झाकन उचलून बगायचा, परत ठेवायचा. भात ऱ्हायला कनीदार. वऱ्हाडी कडाकडा चावून जेवलं. नवऱ्याचा बाप म्हनला, “यसाबाई, भात हाय का अक्षता?” आत्या मिस्त्रीला शोदत हुती, हातात पळी घेऊन. आनि मिस्त्री आचाऱ्याशी भांडत हुता, “तू झाकन उचललंस म्हनूनशान झालं! उचललंस का?”

ह्ये समदं सोसलं. धुन्याचं सोसलं, भाताचं सोसलं. पर मंग त्येचं ध्यान राखंकडं गेलं.

रोज सकाळी आमच्या आदी ढिगापाशी येऊन उकिडवा बसायचा. राखंत हात घालायचा. कोळसा घावला की बोटांनी फोडून बगायचा, आनि आतनं काळा निगाला की आगवाल्याला हाक. “ह्यो बग! जित्ता पुरलाईस!” भट्टीच्या खालच्या लोकंडी जाळीच्या फटी वाडलत्या, त्यातनं बारीक कोळसा गळायचा. त्येनं जाळी बदलून घेतली. आगवाल्यांस्नी पातळ पसरायला शिकिवलं. सोता हुबा ऱ्हायचा, हात धरून शिकवायचा. आनि आमाला काय म्हनायचा? “बायांनो, आता तुमचं वझं हलकं झालं बगा.”

झालं की. बुट्टी भरायची ती अर्दी यायला लागली. मंग नुसती बुडापुरती. मंग दोन दिस मिळून बुडापुरती. लोहार म्हनला, “बाई, ह्येच्यावर माजं लोकंड एक डाव सुदिक तापायचं न्हाय.” त्येनं दुसरीकडनं लाकडी कोळसा घ्यायला सुरवात केली.

घरात जोंधळं सपलं. आंबाडी आनून उकडायची, त्यात मूठभर तांदळाच्या कन्या. थोरली समजूतदार हुती, मागत नव्हती. धाकटा भाकरीच्या टोपल्यात हात घालून बोटं चाटत बसायचा. टोपलं रिकामं. दुसरं काम का केलं न्हाय म्हनाल. गिरनीत कातायला घेत नव्हते, माज्या उजव्या हाताची दोन बोटं ल्हानपनी उसाच्या चरकात गेल्याली. घमेलं धरायला तेवडा हात चालायचा. सुताला न्हाय.

हिकडं मालकांस्नी लई आनंद. कोळशाच्या गाड्या कमी याय लागल्या. त्यांनी ठरिवलं, मिस्त्रीला फेटा बांदायचा. आवारात जाजम टाकलं, गावातली चार मोटी मानसं बोलिवली. फेटा बांदला, हार घातला. मिस्त्री तितंबी धुराड्याकडंच बगत हुता. कुनीतरी इचारलं, “मिस्त्री, ही करामत कशी केलीसा?”

त्येनं मान वळिवली आनि मला हाक मारली. “आक्का! घमेलं आना हिकडं.”

मी राख घेऊन चालले हुते, तशीच गेले. डोईवरनं उतरलं. मिस्त्री म्हनला, “मालक, हात घाला. कोळशाचा एक खडा घावला तर ह्यो फेटा परत देतो.”

मालकांनी हात घातला न्हाय. काठी घातली. ढवळली, ढवळली. राख, नुसती राख. पिटासारकी. पावनं “वा, वा” म्हनलं, टाळ्या वाजिवल्या. मी हुबी. सकाळपासनं पोटात पान्याबिगर काय नव्हतं.

मी म्हनलं, “मालक, ह्याच्यातच आमची भाकरी असती.”

“काय म्हनतीया ही?” मालकांनी दुसऱ्यांस्नी इचारलं.

मागनं यसूआत्या वरडली, “म्हनतीया, मिस्त्रीला फेटा दिलासा, आमाला राख दिलीसा!”

एक पावना हसला. मिस्त्री हसला न्हाय. त्येनं माज्याकडं बगितलं.

“म्हंजी? तुमाला रोज मिळत न्हाय?”

“कुटला रोज? कवा बगितलासा आमाला पगाराच्या रांगंत?”

“मंग वेचल्याला कोळसा?”

“लोहाराला देतो. त्यावर खातो.”

“मला वाटायचं,” त्यो म्हनला, “त्यो तुमी परत कोळशाच्या आवारात टाकता. गिरनी तुमाला त्येचंच पैसं देती.”

त्येचं तोंड कायम भट्टीकडं. मागल्या दारानं आमी काय न्हेतो ते त्येनं कवा बगितलंच नव्हतं. कोळसा भट्टीकडं न जाता दुसरीकडं जाईल, ह्येच त्येच्या डोसक्यात आलं न्हाय. त्यो तसाच हार-फेट्यासकट खाली बसला आनि दोनी हातांनी घमेल्यातली राख चाळाय लागला. राख उडून नव्या फेट्यावर बसली. लई चाळलं. रोज खडा घावू नये म्हनून बगनारा मानूस, त्या दिशी घावावा म्हनून बगत हुता. न्हाय घावला.

उटला आनि तितंच म्हनला, “मालक, ह्या बायांस्नी रोज लावा. तुमचा कोळसा वाचलाय, त्यातला द्या.”

मालक म्हनलं, “मिस्त्री, राख फुकट हलती. फुकट हलत्याली वस्तू पैसं देऊन कोन हलवंल? तुमीच सांगा. तुमी तर काटकसरीचं मानूस.”

बिचाऱ्या मिस्त्रीची रीतच त्येच्यावर उलटली.

त्या सांजला मी भट्टीच्या दाराशी गेले. म्हनलं, “मिस्त्री, जरा जाड टाकायला सांगा की. थोडंच. कुनाला कळायचं न्हाय.”

“आक्का, दुसरं कायबी सांगा. माज्या घरातलं जोंधळं न्ह्या. ह्ये सांगू नका.”

“जोंधळं किती दिस देशीला? तुमच्या घरातबी खानारी हाइत.”

“ह्यो कोळसा जमिनीच्या पोटातनं काडताना मानसं दबून मरत्यात, आक्का. त्यो मी जानून नासू?”

“ती खाली मरत्यात,” मी म्हनलं. “माजी वर मरत्यात.”

त्येनं भट्टीचं दार लावलं.

जोंधळं मात्र त्येची बायकू घेऊन आली. पायलीभर, फडक्यात. आमी वाटून घेतलं, आनि सपलंबी. मदल्या काळात यसूआत्या लेकीच्या सासरी निगून गेली. बाकीच्या दोगी-तिगी रस्त्याला खडी फोडाय गेल्या. मी जात ऱ्हायले. आशा म्हना, न्हायतर दुसरं कुटं जायाचं ते ठावं नव्हतं म्हना.

एक दिस राख चाळताना हाताला टनक लागलं. कोळसा. चांगला मुटीएवडा, निम्मा काळा. मला वाटलं आगवाला चुकला. दुसऱ्या दिशी आनि घावलं. बुट्टीचं बूड झाकलं. आठवड्यात बुट्टी भराय लागली. मी काय इचारलं न्हाय. भुकेला मानूस इचारत बसत न्हाय.

पर एकदा राख काडताना भट्टीपाशी गेले तर आगवाला लांब, भाईर कट्ट्यावर बसल्याला. फावडं मिस्त्रीच्या हातात. फावडं भरून, मान तिसरीकडं वळवून, वतत हुता. वर आनि एक. त्यावर आनि एक. पान्यात बुडवल्यासारकं त्येचं तोंड वलं झालतं. मी आगवाल्याला इचारलं, “तू का बसलाईस?”

“मिस्त्री म्हनला, तू बगू नगो. तुजा हात चांगला पडलाय, त्यो बिगडंल.”

त्या दिसांत त्यो भट्टीच्या खोलीतनं भाईर आवारात येत नव्हता. भाकरी तितंच खायाचा. भाईर धुराडं दिसतं. एकदाच आला, वर धूर बगितला, आनि रडत आत गेला. आमी बगत हुतो, काळाभोर धूर पार रंकाळ्याच्या अंगाला सरकायचा. मला त्यो गोड लागायचा, खोटं कशाला सांगू. चुलीवर माज्या भाकरी हुत्या.

कोळशाच्या गाड्या वाडल्या तसं मालक आलं. मी राख भरत हुते, माज्यादेकत झालं.

“मिस्त्री, काय चाललंय ह्ये? फेटा बांदला तवापासनं कोळसा वाडतोय. आगवाले चुकत्यात का?”

“आगवाले चांगलं हाइत, मालक. कोळसा मीच टाकतोय.”

“मंग?”

“हात गेला माजा. वय झालं. अंदाज लागत न्हाय.”

“कोळसा वला येतोय का? व्यापारी फसवतोय का? सांगा की, बदलू.”

“कोळसा चांगला हाय. माजाच हात गेला.”

मालकांनी लई बगितलं त्येच्याकडं. मंग म्हनलं, “दुसरा मानूस बगावा लागंल.”

“बगा,” मिस्त्री म्हनला.

दुसरा मानूस आला. पहिल्यासारकाच, खाटंवर पडनारा. मिस्त्रीला पुढं कुनीतरी पेट वडगावाकडं गुऱ्हाळावर बगितलं म्हनत हुते. चुलवानातलं चिपाड मागं वडतोय आनि गुळव्या काठी घेऊन मागं लागलाय. खरं-खोटं मला ठावं न्हाय. परत काय दिसला न्हाय त्यो.

जायाच्या दिशी मागल्या दारानं भाईर पडला. हातात गाठोडं. मी घमेलं भरून बसले हुते, डोईवर द्यायला कुनी नव्हतं. त्येला बगून मी म्हनलं, “मिस्त्री, मालकांम्होरं खोटं का बोललासा? तुमच्या हाताला काय झालंय?”

“खोटं न्हाय, आक्का. ज्या हातानं जानून कोळसा नासला, त्यो हात गेलाच की.”

बरं केलासा म्हनावं तर त्येला लागंल. का केलासा म्हनावं तर माजी लेकरं घरात वाट बगत हुती. मी चुंबळ डोईवर ठेवली. त्येनं गाठोडं खाली ठेवलं, घमेल्याला हात लावला, आनि दोगांनी मिळून वर उचललं.

“जड हाय,” त्यो म्हनला.

“व्हय,” मी म्हनलं, आनि चालाय लागले.